लॉट नंबरची अक्षरं: प्रकल्प नोंदी, सांगली, जानेवारी ते एप्रिल २०२५

६ जानेवारी

काम घेतलं. कुपवाडच्या बाजूचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज. बॉक्सवर लावायचं लेबल आणि आवक पावती, दोन्ही नव्यानं करायचंय. नवा बेदाणा यायला लागायच्या आत.

कारण साधंच आहे. दिवाळीआधी चाळीस बॉक्स चुकीच्या गाडीत गेले. पंधरा किलोचा बॉक्स, म्हणजे सहाशे किलो हिरवा बेदाणा. पावतीवर लॉट १६५१, गाडीत चढला १८५१. दोन्ही लॉट एकाच ओळीत, दोन्ही हिरवे. माल परत आला, पण मधले चार दिवस अडत्या, शेतकरी आणि मालक एकमेकांशी धड बोलत नव्हते. खापर फुटलं नव्या पोरावर. आज ती जुनी पावती हातात घेऊन बघितली. पोराच्या जागी मी असते तरी आठच वाचला असता.

मालकांचं म्हणणं एवढंच: "ताई, अक्षर मोठं करा." तेवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही, पण हो म्हणून आले.

९ जानेवारी

आतमध्ये जाऊन आले. जर्किन घालून. गारठ्यात दहा मिनिटं थांबून बाहेर आलं की चष्म्यावर दव धरतं आणि त्याच अवस्थेत हातातली पावती वाचायची असते. आत पिवळट दिवे. बॉक्सांच्या थप्प्या माणसाच्या डोक्यावर. वरच्या थरातलं लेबल खालून वाचायचं म्हणजे साधारण चार मीटर.

इथे वाचणारे तीन प्रकारचे लोक आहेत. तात्या, म्हणजे हमालांचे मुकादम, साठीच्या पुढचे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दिवाणजी, ज्यांच्या वह्या अजून मराठी आकड्यांत आहेत. आणि फोर्कलिफ्टवरची दोन पोरं, जी सगळं मोबाइलवर वाचतात. लेबल एक, डोळे तीन तऱ्हेचे.

मोठं म्हणजे किती मोठं, याचा हिशोब घरी येऊन केला. डोळ्याच्या डॉक्टरकडच्या तक्त्यात ६/६ ची ओळ असते, तिचं अक्षर सहा मीटरवर ८.७ मिलिमीटर उंचीचं असतं. त्या हिशोबानं चार मीटरवर सुमारे ५.८. पण ते निरोगी डोळ्याचं टोक झालं, चांगल्या उजेडात, उभं राहून नीट बघताना. आमच्याकडे उजेड नाही, वेळ नाही आणि तात्या आहेत. म्हणून १४ मिलिमीटर धरतेय.

१० जानेवारी

जुन्या लॉट नंबरची चिरफाड. एकूण दहा खुणा: चेंबरचं इंग्रजी अक्षर (ए ते आय), ओळीचे दोन आकडे, रेघ, मालाचं अक्षर (हिरव्याला जी, पिवळ्याला वाय, काळ्याला बी), पुन्हा रेघ आणि चार आकडी क्रमांक.

आता यात घोटाळ्याच्या जोड्या मोजल्या. आय चेंबर आणि १. बी चेंबर, बी म्हणजे काळा, आणि ८. जी म्हणजे हिरवा, आणि ६. डी चेंबर आणि ०. ज्यानं हे ठरवलं त्यानं जणू शोधून शोधून घेतलंय.

फॉन्ट होता एरिअल, काहीच निवडलं नाही की जो येतो तो. एरिअल वाईट नाही, फॉन्ट १९८२ चा, जग त्यावर चाललंय. पण त्याच्या इंग्रजी सहा, नऊ, तीन आणि पाच या आकड्यांची तोंडं आतल्या बाजूला वळून मिटत येतात. स्वच्छ छपाईत काही वाटत नाही. छपाई फिकी किंवा पसरट झाली की सहाची शेपूट पोटाला टेकते आणि सहाचा आठ होतो. आमचे चाळीस बॉक्स त्या अर्ध्या मिलिमीटरनं गेले.

ही गोष्ट लक्षात ठेवायची. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा विषय निघाला की सगळे कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एक यांच्यावर बोलतात. आमच्या लेबलवर स्मॉल अक्षर एकही नाही. आमचं दुखणं सहा आणि आठ.

१५ जानेवारी

संक्रांतीच्या सुट्टीत फॉन्ट जमवले. इंग्रजीसाठी: व्हर्डाना, इंटर, आयबीएम प्लेक्स सॅन्स, ॲटकिन्सन हायपरलेजिबल. मराठीसाठी: मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, हिंद, प्लेक्सची देवनागरी, आणि दिवाणजींच्या मशीनवर आधीपासून असलेला मंगल. पॉपिन्सही घेतला होता. बॅनरवर मला फार आवडतो, पण त्याचा कॅपिटल आय आणि स्मॉल एल म्हणजे दोन सारख्या काठ्या. लगेच बाहेर.

ॲटकिन्सनकडून सगळ्यात जास्त अपेक्षा आहे. अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटनं कमी दृष्टीच्या लोकांसाठी करून घेतलेला, नावही संस्थापक जे. रॉबर्ट ॲटकिन्सन यांचं. सगळ्या फॉन्टात एकसारखेपणा आणायची धडपड असते, इथे उलट: जी अक्षरं एकमेकांसारखी दिसतात त्यांना मुद्दाम वेगळं वळण. स्मॉल एलला शेपूट, कॅपिटल आयला वर-खाली आडव्या दांड्या, शून्याच्या पोटात तिरकी रेघ. अडचण एकच, त्यात देवनागरी नाही. म्हणजे लेबलवर दोन फॉन्टांचा संसार.

२२ जानेवारी

आज पहिली खरी छपाई. लेबल प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे मिलिमीटरला आठ ठिपके. १०० बाय ५० चं लेबल म्हणजे ८०० बाय ४०० ठिपके. ठिपका एकतर काळा, नाहीतर नाही. स्क्रीनवर कडा मऊ करायला करडा रंग मदतीला येतो, तो इथे नाही. प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टात मराठी नाही, म्हणून अख्खं लेबल चित्र करूनच पाठवावं लागतं.

पावतीचा प्रिंटर वेगळा, ८० मिलिमीटर कागदाचा. त्यात प्रत्यक्ष छपाई ७२ मिलिमीटर, ५७६ ठिपके. ९ पॉइंटात इंग्रजी आकड्याची उंची जेमतेम अठरा ठिपके येते. अठरा ठिपक्यांत सहा आणि आठ वेगळे ठेवायचे. खरा प्रश्न लेबलचा नव्हताच, पावतीचा होता.

मंगल पावतीवर तुटतो. प्रा. र. कृ. जोशींनी तो विंडोजसाठी केला तेव्हा समोर स्क्रीन होता, उष्णतेनं ठिपके उमटवणारा थर्मल प्रिंटर नव्हता. बारीक रेघा एका ठिपक्यावर येतात आणि मध्येच गायब होतात.

२८ जानेवारी

ॲटकिन्सनमधली लेबलं तात्यांपुढे ठेवली. चार मीटरवर उभे राहून वाचायला सांगितलं. पहिलंच लेबल वाचलं आणि थांबले.

"हा आकडा खोडलाय व्हय?"

"नाही तात्या, शून्य आहे."

"मग काट मारल्यालं हाय की."

मी दिवाणजींकडे बघितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. वहीत आकड्यावर तिरकी रेघ म्हणजे तो रद्द."

चाळीस वर्षं चोपड्या बघितलेल्या माणसाला शून्यावरची रेघ म्हणजे काय, हे मी विचारातच घेतलं नव्हतं. कॉम्प्युटरवाल्यांचा तो संकेत: रेघ असलेला शून्य, रेघ नसलेलं ओ. बाजारात तीच खूण उलट्या अर्थाची.

पावतीवर अजून वाईट झालं. अठरा ठिपक्यांच्या शून्यात रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन ठिपक्यांची जागा उरते. छपाई थोडी गडद झाली की ती बुजते आणि शून्याचा आठ दिसतो. ओ पासून वेगळं करायला गेलो आणि आठाच्या गळ्यात पडलो.

३ फेब्रुवारी

मालकांकडे बसून सांगितलं की फॉन्ट नंतर, आधी नंबर बदलू. त्यांना वाटलं मी काम वाढवतेय.

पटवायला त्यांच्याच ट्रकचा चासी नंबर काढायला लावला. सतरा खुणा, आणि अशा सतरा खुणांच्या नंबरात आय, ओ, क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा होतो म्हणून. फॉन्ट कुठलाही असो. मग बँकेचा आयएफएससी कोड. दिवाणजींनी एकदा शेतकऱ्याचे पैसे पाठवताना पाचव्या जागी ओ टाइप केला होता आणि फॉर्म तीनदा परत आला होता. पाचवी खूण कायम शून्यच असते, सगळ्या बँकांत. एकदा हे कळलं की तिथे चुकायचं कारणच राहत नाही.

त्यावर मालक म्हणाले, "मग आपल्या नंबरात अक्षरं पाहिजेत कशाला?"

हेच ऐकायचं होतं. चेंबर आणि ओळ हा मालाचा पत्ता आहे, नाव नव्हे. माल दुसऱ्या चेंबरला हलवला की जुना नंबर खोटा पडायचा, तरी तोच वापरत होते. हिरवा-पिवळा-काळा तर बॉक्सवर शब्दांत लिहिलेलंच असतं. लॉट नंबर आता फक्त आकड्यांचा: पाच आकडे, रेघ, एक आकडा. चेंबर-ओळ खाली वेगळ्या चौकटीत.

ओ नाही म्हणजे शून्याच्या पोटातल्या रेघेची गरज नाही. आय नाही, बी नाही, जी नाही, डी नाही. चार जोड्या एका बैठकीत गेल्या. फॉन्टला आता दहाच खुणा सांभाळायच्या आहेत.

४ फेब्रुवारी

रेघेनंतरचा आकडा कशाला, हे इथे लिहून ठेवते, पुढच्या वर्षी मीच विसरेन.

लॉट ४०८१७. आकड्यांना डावीकडून ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं: २४, ०, ३२, ३, १४. बेरीज ७३. अकरानं भागलं की बाकी ७. अकरातून सात वजा, उरले ४. पूर्ण नंबर ४०८१७-४. कुणी आठाचा तीन वाचून ४०३१७-४ टाकलं तर बेरीज ५३, बाकी ९, यायला हवा होता २. प्रोग्राम लगेच अडवतो. बाकी शून्य असेल तर शेवटी शून्य. वजाबाकी दहा येते तो क्रमांक वापरायचाच नाही, सोडून पुढचा घ्यायचा. अकरा ही मूळ संख्या असल्यामुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तरी सापडतंच.

नवीन काही नाही यात. पुस्तकांवरच्या जुन्या दहा आकडी आयएसबीएन नंबरला हीच अकराची रीत आहे, तिथे दहा आला की एक्स लिहितात. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचाही तपासणीचाच, फक्त रीत वेगळी. जीएसटी नंबरचा पंधरावाही तसाच.

दिवाणजी म्हणाले, "आम्ही अक्षरी रक्कम लिहितो तसंच की हे." अगदी तसंच. आकड्यात चुकलं तर अक्षरात धरायचं. माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं त्यांनी.

११ फेब्रुवारी

आता मराठीकडे. शेतकऱ्याचं नाव, गाव, माल. हे मी सोपं समजत होते.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या ज्या याद्या सगळीकडे मिळतात त्या रोमनच्या. मराठीची स्वतः करायला बसले: घ-ध, म-भ, य-थ, ब-व, प-ष, ड-ङ, ट-ठ-ढ-द, ख आणि जोडून आलेलं रव. आकड्यांत १-९, ४-५. आणि आकडा-अक्षर: २ आणि र, ३ आणि उ, ५ आणि प. आपला शून्य-ओचा प्रश्न म्हणजे हा २ आणि र. त्यात रुपयाचं चिन्हही र वरूनच बेतलेलं, त्यामुळे पावतीवर रकमेच्या पुढे तिन्ही एकमेकांना टेकून उभे.

मग चाचणीसाठी शब्द जमवले. "अआइई" छापून काही कळत नाही, बेदाण्याच्या पट्ट्यातली गावं आणि आडनावं घ्यायची: मणेराजुरी, सावळज, कवठेएकंद, कवठेमहांकाळ, मळणगाव, भाळवणी, माळवाडी, ढालगाव, घाटनांद्रे, अग्रण धुळगाव, बेडग. मोरे-भोरे, धुमाळ, घाटगे, खाडे, बाबर, वाबळे.

पहिल्याच पट्टीत धुमाळांचे घुमाळ झाले.

१४ फेब्रुवारी

धुमाळांवर दोन दिवस गेले, पण हाताला काहीतरी लागलं.

भिंग घेऊन बसले. घ आणि ध मध्ये फरक कशाचा? ध च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते आणि तिथे छोटी गाठ वळते. म आणि भ? तेच. य आणि थ? तेच. यादीतल्या तीन जोड्या तीन नाहीतच, एकच आहे. शिरोरेषेतली ती फट दिसली तर तिन्ही वाचतात, बुजली तर तिन्ही बुडतात.

म्हणजे प्रत्येक फॉन्टात एकच गोष्ट मोजायची: पावतीच्या आकारात त्या फटीला किती ठिपके मिळतात. एक ठिपका मिळाला तर गेली, कारण उष्णता शेजारी पसरते. दोन असतील तर नशिबावर. तीन पाहिजेत.

बाबांना फोनवर हे सांगितलं. ते इथेच गणपती पेठेत छापखान्यात कंपोझिटर होते, तीस वर्षं खिळे जुळवले. म्हणाले, "धच्या डोक्यात शाई भरायची आमच्याकडे. सुईनं साफ करायचो." इतका वेळ मी भिंगातून जे शोधत होते ते त्यांना सुईच्या टोकावर माहीत होतं. आधी फोन केला असता तर दोन दिवस वाचले असते.

सुई आता नाही, पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये गडदपणा आहे. तो दोन पायऱ्या खाली आणला, फट उघडली. जुन्या ऑपरेटरनं तो शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवला होता, "ठळक यावं" म्हणून. सहाचा आठ होण्यातही त्याचा हात असणार.

१८ फेब्रुवारी

अक्षराच्या वजनाचं, म्हणजे जाडीचं बघितलं. बोल्ड नको. बोल्डमध्ये ब च्या पोटातली तिरकी रेघ पोटात विरघळते आणि काळा व उरतो. ष चं तेच. मालकांना मात्र बोल्डच हवाय, "दुरून दिसतं." दुरून दिसतं, वाचता येत नाही. लाइट आणि रेग्युलर पावतीवर कुठेकुठे तुटतात. मीडियम.

नोटोमध्ये रुंदी कमी करायचीही सोय आहे. कवठेमहांकाळ एका ओळीत बसवायला मोह झाला. पण आवळलं की पहिला बळी त्या फटीचा. गाव दोन ओळींत जाऊ दे.

मुक्ता आणि नोटो दोघंही टिकले. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता वाचायला जास्त गोड वाटतो, माझ्या स्वतःच्या कामात मी तोच वापरते. इथे नोटो घेतला. आमच्या प्रिंटरवर, आमच्या आकारात, ध ची फट त्यात एका ठिपक्यानं जास्त आली. दुसऱ्या प्रिंटरवर उलटही होईल.

२० फेब्रुवारी

फजिती. आठवडाभर मोबाइलच्या पानावर जे इंग्रजी आकडे "ॲटकिन्सनचे" म्हणून पोरांना दाखवत होते ते ॲटकिन्सनचे नव्हतेच.

स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, नोटो आधी लिहिला होता, ॲटकिन्सन नंतर. ब्राउझर एकेक अक्षर घेऊन पहिल्या फॉन्टात शोधतो, सापडलं की तिथेच थांबतो. मराठी फॉन्टाच्या फाइलमध्ये इंग्रजी आकडे असतातच. त्यामुळे ॲटकिन्सनपर्यंत पाळी येतच नव्हती. क्रम उलटा केला: आधी रोमनचा फॉन्ट, मग मराठीचा. एका ओळीचं काम.

क्रम बदलल्यावर दुसरं दिसलं, की एकाच मापात मराठी अक्षर इंग्रजीशेजारी बारकं वाटतं. काना-मात्रा-उकारांना वर-खाली जागा द्यायची असल्यामुळे मधलं अंग लहान पडतं. नोटो ११० टक्के केला.

याच महिन्यात ॲटकिन्सनची नवी आवृत्ती आलीय, नेक्स्ट नावाची, दोनाऐवजी सात वजनं आणि दीडशेवर भाषा. उत्साहानं यादी बघितली. देवनागरी नाही. असो.

२१ फेब्रुवारी

छोटी गोष्ट. अहवालाच्या पीडीएफमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येत होते. दिवाणजींनी तेवढ्यावरून अहवाल बाजूला ठेवला, "हे आपलं नव्हे." महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिलाय. फॉन्टात दोन्ही रूपं असतात. पानाची भाषा मराठी आहे हे सांगितलं नसलं की हिंदीचं येतं. पानाच्या वरती भाषेचा कोड "एमआर" टाकला, दोन्ही अक्षरं घरी आली.

२७ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी होऊन पुन्हा पावतीवर. ॲटकिन्सन पावतीवरून आणि लेबलवरून काढायचा हे नक्की, काट मारलेल्या शून्यामुळे. इंटरमध्ये शून्य साधा आहे, पण एकाला पाया नाही, नुसती काठी आणि वर टोपी. टोपी झिजली की काठी.

राहिला व्हर्डाना. खरं सांगायचं तर यादीत उगाच घेतला होता. विंडोजच्या प्रत्येक मशीनवर पडलेला, सरकारी नोटिशीसारखा दिसणारा, ऐसपैस. पण आज अठरा ठिपक्यांत छापल्यावर सहा, आठ, नऊ, तीन इतके स्वच्छ आले की मी चुकून मोठा आकार टाकला की काय म्हणून परत बघितलं.

मग कारण उमगलं. मॅथ्यू कार्टर यांनी तो १९९६ च्या स्क्रीनसाठी केला. तेव्हाचे स्क्रीन जाडजूड ठिपक्यांचे. त्यांनी आधी ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं बसवली आणि बाह्यरेषा नंतर काढली, आणि टॉम रिकनर यांनी कुठल्या आकारात कुठला ठिपका लागेल याच्या सूचना फॉन्टात भरल्या. आता फोनचे स्क्रीन इतके बारीक झालेत की ती मेहनत कुणाला दिसतच नाही. पण थर्मल प्रिंटर अजून त्याच काळात राहतो. आमच्या पावतीच्या दृष्टीनं अजून १९९६ च चाललंय.

एकाला खाली पाया आहे. सहा-नऊची तोंडं उघडी. शून्य साधा.

ऐसपैसपणाची भीती होती, ती हिशोबात गेली. १४ मिलिमीटर उंचीला व्हर्डानाचा एक आकडा सव्वाबारा मिलिमीटर जागा खातो. जुना दहा खुणांचा नंबर शंभर मिलिमीटरच्या लेबलवर बसलाच नसता. नवे सहा आकडे आणि रेघ मिळून ८२. नंबर लहान केला म्हणून हा फॉन्ट परवडला.

६ मार्च

मराठी आकड्यांचा वाद. दिवाणजींना लॉट नंबरही मराठीतच हवा. मला तत्त्वतः आवडलं असतं. १ आणि ९ पावतीवर दोन फॉन्टांत छापून त्यांच्याच पुढे ठेवले. त्यांनी बारापैकी दोन उलटे वाचले, मग चष्मा पुसला, मग म्हणाले, "नंबर इंग्रजीत राहू दे. माझ्या रकमा मात्र मराठीत." कबूल. रकमेच्या खाली अक्षरी असतंच.

परगावचे ड्रायव्हरही येतात, त्यांच्या दृष्टीनंही हेच बरं.

घरी जाताना कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर थांबले. पाण्याची पातळी दाखवणारे आकडे लांबून वाचता येतात का ते बघायला. आले वाचता, पण मग वाटलं ही परीक्षा खोटी आहे. इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला, हे सांगलीतल्या पोरालाही पाठ. काल पाणी किती होतं ते माहीत असतं, आज साधारण किती असणार तेही. डोळा अर्धंच वाचतो, बाकीचं डोकं भरतं. लॉट नंबरच्या बाबतीत डोक्याकडे भरायला काहीच नसतं. ४०८१७ नंतर काहीही येऊ शकतं. तिथे सगळी भिस्त अक्षरावर.

१५ मार्च

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, निम्मी माणसं गैरहजर, त्यामुळे निवांत चाचणी झाली. वीस लेबलं, चार मीटर, आतल्या दिव्यात, चष्मा न पुसता. तात्यांनी वीसही बरोबर वाचली. एकविसावं मी मुद्दाम जुन्या एरिअलमध्ये, गडदपणा पूर्ण ठेवून लावलं होतं. त्याला म्हणाले, "ह्ये काय कळंना. आठ हाय का सा?" चुकीचं वाचण्यापेक्षा हे उत्तर मला जास्त आवडलं.

पोरांच्या मोबाइलवर ॲटकिन्सनच ठेवला. तिथे स्क्रीन बारीक आहे, लॉगिन आणि पासवर्डमध्ये स्मॉल एल आणि कॅपिटल आय दोन्ही येतात, आणि शून्यावरची रेघ त्यांना खोडल्यासारखी वाटत नाही. ऑफिसच्या वायफायचा पासवर्डही भिंतीवर त्याच फॉन्टात लावून टाकला. सहा महिने सगळे तो एकमेकांना विचारून टाकत होते.

२४ मार्च

चालू केलं. आवक जोरात आहे, दिवसाला चार-पाच गाड्या, कुणाला लेबलकडे बघायलाही फुरसत नाही. हे चांगलं लक्षण मानतेय.

तपासणीच्या आकड्यानं पहिल्या दिवशी दोनदा अडवलं. एकदा सात आणि एक, हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवरून टाइप करताना. दुसऱ्यांदा शेजारचे दोन आकडे उलटे. दोन्ही वेळा फॉन्टाचा संबंध नव्हता.

मालकांनी विचारलं, "शेवटी कुठला फॉन्ट लावलात?" व्हर्डाना म्हटल्यावर, "तो तर आपल्या मशीनवर होताच की." होताच. त्यामुळे बिलाचं काय बोलावं हे दोघांनाही सुचेना.

२ एप्रिल

पाडव्यानंतर हिशोब मिटला. राहिलेलं:

जुन्या लेबलचे बॉक्स अजून आत आहेत, गेल्या हंगामातले. त्यांना नवे नंबर देणार नाही, माल निघेल तसे संपतील. तोवर दोन्ही तऱ्हेचे नंबर प्रोग्राममध्ये चालू. जुना टाकला की पडद्यावर पिवळी पट्टी येते, "बॉक्सवर जाऊन बघा."

गडदपणाच्या सेटिंगवर चिकटपट्टी लावून लिहिलंय: वाढवू नये. काल जाऊन बघितलं तर कुणीतरी एक पायरी वाढवली होती. पुन्हा खाली आणली. धुमाळांची पावती काढून बघितली, ध उघडा आहे.

रिबन पंधरा दिवस पुरेल. मागवायला सांगितलंय.